डॉक्टरांनी न सांगितलेलं हँडल

डॉक्टर म्हणाले, "कमलाबाई, सायकल आता बंद." मी घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हँडल बदला."

एवढंच केलं मी. पुढचं सगळं आळीने केलं.

आता तुम्ही म्हणाल म्हातारी खोटं बोलली. तसं नाही ते. डॉक्टरांचं बोलणं लांबलचक होतं. मनगटातली नस दबलीय, यायला उशीर केलात, हाताची जाण अशीच कमी होत जाणार, ऑपरेशन केलं तरी सगळी परत येईल असं नाही, ओझं नको, ताण नको, सायकल तर नकोच. एवढं सगळं रिक्षातून घरापर्यंत आणायचं म्हणजे कुणाच्या लक्षात राहणार? मी थोडक्यात केलं. थोडक्यात करताना चार शब्द इकडचे तिकडे होतातच.

शिवाय माझी एक सवय आहे. साधी गोष्ट साधी सांगितली की ती मलाच खरी वाटत नाही. मी सायकलवरून येताना दिसले की आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर मागे घेतात, असं मी नातीला सांगितलं होतं. सानवी तिचं नाव, मुंबईला असते. तिने ते शाळेत निबंधात लिहिलं आणि बाईंनी खाली लाल रेघ मारली. त्या बाई कधी मिरकरवाड्याला आलेल्या नसणार.

तर माझी सायकल. आमचे हे होते तेव्हापासूनची, लेडीज, पुढे वाकडं हँडल. हे गेले, सायकल राहिली. सकाळी मी ती बाहेर काढली की आळीतल्या खिडक्या उघडतात. "काकी, बांगड्याचा एक वाटा." "काकी, कोळंबी मिळाली तर, पण पांढरी." "काकी, बंदरावर चाललाच आहात तर बर्फही आणा, आमच्याकडे पाहुणे आहेत." पैसे आणि पिशवी खिडकीतून खाली येते. मी ती पिशवी हँडलला लावते. येताना डावीकडे पिशव्या, उजवीकडे पिशव्या, मध्ये मी. लांबून बघणाऱ्याला वाटतं तराजूच चालत येतोय.

आधी अंगठ्यात मुंग्या आल्या. मग पुढची दोन बोटं रात्रभर झोपायला जायची आणि सकाळी उठायचीच नाहीत. मग चहाचा कप हातातून सुटायला लागला. सुटल्याचं मला फरशीवरून कळायचं.

हे शेजारच्या योगिनीने बघितलं. योगिनी म्हणजे आमच्या भिंतीला लागून राहणारी, स्वभावाने प्रेमळ, पोटात काही राहत नाही एवढंच. तिने ते माझ्या मुलाला, संदेशला, मुंबईला फोन करून कळवलं. लगेच त्याचा मला फोन.

"आई, कप पडतात म्हणे तुझ्या हातून."

"कपच हलके आले होते या वेळी."

"हलके कप पडत नाहीत."

"तू मुंबईला राहतोस, तुला इथल्या कपांचं काय ठाऊक."

तो हसला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पाऊस सरत आला होता, बोटी नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या. म्हणाला, "दिवाळी झाली की मी येतो. माझ्यासमोर भाट्याच्या पुलापर्यंत सायकलने जा आणि परत ये. धड आलीस तर राहा तिकडे. नाहीतर माझ्याबरोबर चल. इकडे तुला काही करावं लागणार नाही."

हेच तर. तिकडे काही करावं लागत नाही. भाजी दारात येते, मासे दारात येतात, तेही साफ करून. माझी सून रेणुका चांगली आहे, "बसा ना आई" म्हणते. सकाळी बसा, दुपारी बसा. मागच्या खेपेला मी इतकी बसले की खुर्चीवर माझा आकार उठला आणि मी परत आल्यावरही पंधरा दिवस कुणी त्या खुर्चीवर बसेना, आजी बसलीय असं वाटायचं. हे जरा जास्त झालं असेल. पण तिकडे मला कुणी कधी म्हणालं नाही, की कमला, येताना एवढं घेऊन ये. ते खरं आहे.

म्हणून मी संदेशला "बरं" म्हटलं, आणि डॉक्टरांकडून आल्यावर आळीला "हँडल बदला" म्हटलं.

पहिला मान काशीरामचा. नाक्यावर त्याचं सायकलचं दुकान. त्याने माझे हात उलटेसुलटे करून बघितले, जशी ट्यूब बघतो तसे, पाण्यात बुडवायचेच तेवढे ठेवले. म्हणाला, "वाकड्या हँडलने मनगट वाकडं होतं. मनगट वाकडं तर नस वाकडी. सरळ दांडा टाका काकी, नस आपोआप सरळ होते." बोलण्यात दम होता. त्याने सरळ दांडा टाकला. तो इतका रुंद, की एका टोकाला मी रत्नागिरीत आणि दुसऱ्या टोकाला पावस गावच्या हद्दीत.

सरळ दांड्याने नस सरळ झाली की नाही ते नसेलाच ठाऊक, पण अंगाचं सगळं वजन पुढे तळहातांवर यायला लागलं. त्यात वळण घेताना टोकाची पिशवी उभ्या रिक्षाच्या आरशात अडकली. रिक्षा सुटली. मी मोकळी, पिशवी तिच्याबरोबर. रेल्वे स्टेशनला उतरलेल्या माणसाला भाडं देताना आरशाला बांगडे लटकलेले दिसले आणि त्याने ते सामानात धरले, असं नंतर कानावर आलं. कानावर आलं म्हणजे मीच सांगितलं होतं, ते फिरून आलं. पण बांगडे गेले हे नक्की, आणि ते योगिनीचे होते.

योगिनी एवढंच म्हणाली, "काकी, काशीरामाला काय कळतं. अमरदीपला विचारा."

अमरदीप आळीच्या तोंडाशी राहतो, बँकेत आहे. पोट कमी करायला त्याने भारी सायकल घेतली. पोट आहे तिथेच आहे, ज्ञान वाढलं. रविवारी अंगाला चिकटलेले कपडे घालून गणपतीपुळ्याला जातो आणि टेम्पोने परत येतो. मला त्याने त्याच्या ओटीवर बसवलं आणि शिकवलं.

"काकी, चूक सरळ-वाकड्याची नाहीच. हाताला एकच जागा असते, ही चूक. तासभर एका जागी दाबलं की नस दबणारच. हँडल असं हवं की हात फिरवत राहायचं. चढाला वर धरायचं. सपाटीला कडेला. आणि वारा समोरून आला की खाली वाकून धरायचं."

"अरे, मी मासे आणायला जाते. वाऱ्याशी माझं काही भांडण नाही."

"वाऱ्याचं तुमच्याशी असतं," अमरदीप म्हणाला.

त्याने स्वतःचं जुनं हँडल बसवून दिलं. मेंढ्याच्या शिंगांसारखं, दोन्हीकडून गोल खाली गेलेलं. वर धरलं तर ब्रेक लांब, ब्रेक धरला तर खाली वाकायचं, आणि खाली वाकलं की तोंड चाकाजवळ आणि बाकीची कमला आभाळाकडे. आयुष्यभर साडीत सायकल चालवली, पण पदराने एवढं काम कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी समाजमंदिराच्या पायरीवर मंडळी बसलेली होती. मी येतेय म्हणून उठली, मग नक्की कुठल्या बाजूला मान द्यायचा ते न कळून तशीच उभी राहिली. "जयभीम, काकी," कुणीतरी म्हणालं. मला मान वर करता येईना. मी रस्त्यालाच जयभीम केला आणि पुढे गेले. तेवढ्यात पिशव्या शिंगांवरून घसरत टोकाला गेल्या, टोकावरून खाली. कोळंबी, सौंदाळे, पाहुण्यांचा बर्फ. समाजमंदिराची मांजरं गुणी, त्यांनी भाषणाची वाट बघितली नाही.

ती कोळंबी अमरदीपचीच होती, त्यामुळे त्याने फार लवकर मान्य केलं की हे हँडल मला बरोबर नाही. "तुम्हाला फुलपाखरू हवं," म्हणाला. लांबलांबचा प्रवास करणारे लावतात म्हणे. समोर दोन पाकळ्या पसरल्यासारखं, गोल फिरून परत येणारं, हात ठेवायला जागाच जागा. त्याने मोबाईलवरून मागवलं. हँडल मुंबईहून निघालं आणि कुरियरवाल्यांनी ते खेडला उतरवून ठेवलं. पुढे आणायला गाडी नाही, पाहिजे तर येऊन घेऊन जा, म्हणाले.

इथे भागोजीकाका आले. एसटीतून रिटायर झालेत, समोरच्या घरात राहतात. खेड म्हटलं की त्यांची छाती फुगते. "खेडला माझा शब्द चालतो," म्हणाले. मी म्हटलं, "कुरियरात?" म्हणाले, "डेपोत. पण डेपोपासून कुरियर किती लांब असणार." तर आम्ही एसटीने खेडला गेलो. वाटेत त्यांनी कंडक्टरला तीन वेळा सांगितलं की ते कोण आहेत. कंडक्टरने तिन्ही वेळा त्यांचं तिकीट बघितलं.

कुरियरच्या त्या खोलीत एक तरुण क्लार्क होता, चेहऱ्यावर अजून कुणी हसू उतरवून ठेवलेलं नव्हतं. माझं पार्सल कोपऱ्यात होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, एका बाजूने काळी टोकं बाहेर आलेली. क्लार्क म्हणाला, "काय आहे यात?"

आता सरळ सांगायला काय झालं होतं. पण एसटीत बसून हात लाकूड झाले होते, दुखत असते तर बरं वाटलं असतं, आणि असं झालं की माझी जीभ चाळवते. मी म्हटलं, "शिंगं."

"कसली?"

"सांबराची. आमचे हे शिकारीला जायचे."

भागोजीकाका मला कोपराने ढोसत होते म्हणे, पण मला कळलं नाही. क्लार्कने शांतपणे फोन उचलला. थोड्या वेळाने वनखात्याचा एक माणूस आला, खाकीतला, त्याच्याबरोबर अजून एक नुसता बघायला. तोवर भागोजीकाका बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले होते आणि खाकीवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई ओळखीच्या आहेत, पण फार नाही."

गोणपाट सोडलं. हँडल निघालं. खाकीवाल्याने ते उलटं धरून बघितलं, डोक्याला लावून बघितलं, आणि क्लार्कला म्हणाला, "असं सांबर मी बघितलं नाही." मला वाटलं सुटलो. तर क्लार्क म्हणाला, "सही करा."

मी पेन धरलं. म्हणजे डोळ्यांनी बघून बोटांत बसवलं. सही केली. क्लार्कने ती माझ्या पॅन कार्डावरच्या सहीशी लावून बघितली. "जुळत नाही."

"मीच आहे ती."

"सही तुमची नाही."

मी परत केली. परत नाही जुळली. 'कमला' मधला 'क' कुठेतरी निघून जायचा. एके काळी शाळेत शिकवताना पोरांची पाटी पुसून नीट गिरवायला लावणारी मी, त्या पोराच्या टेबलाशी उभी राहून स्वतःचं नाव गिरवत होते, आणि खाकीवाला, बघायला आलेला माणूस आणि फार ओळख नसलेले भागोजीकाका बघत होते. कुणी हसलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. कुणी हसलं नाही. शेवटी क्लार्कनेच म्हटलं, "आजी, राहू दे. अंगठा द्या." अंगठ्याला शाई लावताना त्याने माझा हात धरला, ते मी बघितलं.

परत येताना भागोजीकाका खिडकीकडे तोंड करून बसले होते. चिपळूण गेल्यावर म्हणाले, "आळीत शिंगांचंच सांगू."

"तेच सांगा," मी म्हटलं.

फुलपाखरू बसलं. आळी बघायला जमली. काशीराम म्हणाला मनगट आता सरळ आहे. अमरदीपने हात ठेवायच्या सगळ्या जागा दाखवल्या आणि योगिनीने त्या लक्षात राहाव्यात म्हणून प्रत्येक जागेला लोकरीचा वेगळा धागा बांधला. लाल चढाला, हिरवा सपाटीला, पिवळा थकलं की, काळा ब्रेकला. वर एक गोष्ट तिच्याच लक्षात आली. "काकी, याला दोन दोन पाकळ्या आहेत. पिशव्या आता दुप्पट मावतील." खरंच मावल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या आळीचीही पिशवी आली. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. त्यांना नाही म्हणायचं आणि मग काय करायचं? घरात बसून कपांवर लक्ष ठेवायचं?

हात कुठे ठेवायचा ते आता सगळ्यांना पाठ होतं. हात ठेवलाय की नाही, ते मला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. ब्रेक एकाच जागी होता, काळ्या धाग्यापाशी. मी बोटं उचलून त्यावर मांडायची, मग दाबायची, मग सायकल थांबली की समजायचं दाबलं गेलं. नाही थांबली तर चप्पल होतीच. आठवड्याला एक चप्पल जायला लागली. योगिनीला सांगितलं, हल्लीचं रबर समुद्राच्या हवेत विरघळतं. तिला पटलं.

दिवाळी झाली आणि संदेश आला. जाड झाला होता. आल्याआल्या माझे हात हातात घेतले, दाबून बघितले. मी "आई गं" म्हटलं, अंदाजाने. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी रस्त्यावर. पिशव्या मी काढून ठेवल्या होत्या. योगिनीच्या डोळ्यांत पाणी, भागोजीकाका गाड्या थांबवायला नाक्यावर उभे. गाड्या काही येत नव्हत्या, ते तरी थांबवत होते. संदेश अमरदीपच्या स्कूटरवर मागे बसला. पुलाच्या तोंडाशी वळायचं आणि परत यायचं, असं ठरलं.

मी निघाले. आणि ऐका, छान चालवली. कमरेत ताठ, नजर समोर, हिरव्या धाग्यावर हात. काशीराम दुकानातून बाहेर आला. मंडळी पायरीवरून उठली आणि या वेळी त्यांना मान कुठे द्यायचा ते कळलं. उताराला लागले तेव्हा वाटलं की आता मी मरेपर्यंत इथेच.

उतार संपला, पूल आला. मी बोटं ब्रेकवर मांडली आणि दाबली. बोटं तिथेच होती, बघत होते मी त्यांच्याकडे. ती माझ्याकडे बघत होती. दाबलं काही गेलं नाही. वळायची जागा बाजूने निघून गेली. चप्पल टेकवली, ती पायातून गेली. मग मी पुलावर होते, खाली खाडी, समोरून वारा, अमरदीप म्हणतो तो, आणि मागून स्कूटरवरून संदेश "आई, आई" करतोय. मी मागे न बघता हात केला. एक हात सोडून. पूल पार केला, उजवीकडे सुरूची झाडं लागली, मी सायकल रेतीत घातली. रेतीने धरलं. सायकल एकीकडे, मी एकीकडे.

संदेश धावत आला. मी उठून बसले होते. पदर सारखा केला. त्याला बोलायची संधीच दिली नाही.

"बघितलंस? पुलापर्यंत काय, पलीकडे आले. तू म्हणालास पूल, मी म्हटलं मुलाला पूर्ण दाखवू. इथे रेतीत उतरायचंच होतं मला, भाट्याची हवा खायची होती किती दिवस. आता परत वळून..."

"आई."

"...परत वळून चढाला लाल धागा आहे, तो धरला की..."

"आई, हाताकडे बघ."

मी बघितलं. डावा तळहात फाटला होता, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. रक्त वाहत कोपरापर्यंत आलं होतं, तिथून साडीवर, साडीवरून रेतीत. मी तो हात हलवून हलवून बोलत होते.

माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, असं फार वेळा झालेलं नाही.

संदेशने रुमाल बांधला. घट्ट बांधला असावा, त्याचे दात दिसत होते. अमरदीपला त्याने स्कूटर घेऊन पुढे पाठवलं, घरी सगळं ठीक आहे म्हणून सांग म्हणाला. मग सायकल उचलली, रेती झटकली आणि म्हणाला, "बस मागे."

मी कॅरिअरवर बसले. त्याने पायडल मारलं. कॉलेज सुटल्यापासून त्याने सायकल चालवली नसेल. हँडलच्या पाकळ्यांत त्याचे गुडघे अडकत होते, धाप लागत होती.

"हे हँडल कुणी बसवलं?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

पूल लागला. त्याची पाठ माझ्यासमोर, शर्ट घामाने चिकटलेला. मी म्हटलं, "तिकीट काढायला हवं आता."

त्याने दोन पायडलं मारली. "परवाची आहेत."

"आहेत?"

"दोन."

आता कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दिवाळीनंतरची मुंबईची रेल्वेची तिकिटं आदल्या दिवशी मिळत नाहीत, दोन महिने आधी सकाळी मोबाईल घेऊन बसावं लागतं. म्हणजे फोनवर मला तो "पुलापर्यंत जाऊन ये, मग राहा" म्हणत होता तेव्हाच तिकिटं काढलेली. सरळ दांडा, मेंढ्याची शिंगं, खेड, खाकीवाला, लाल धागा, हे सगळं त्याच्यानंतरचं. मी इतकी वर्षं थापा मारते, पण एवढ्या साध्या आवाजात एकही मारलेली नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. मनातल्या मनात मी त्याला मानलं.

"मग मला चालवायला कशाला लावलंस?"

"मला वाटलं तू मध्येच थांबशील," तो म्हणाला. "थांबशील आणि आपणच म्हणशील, नाही जमत. म्हणजे मला म्हणायला लागणार नाही."

थांबायचंच तर जमत नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याचा आवाज आधीच बरोबर नव्हता.

पुलाच्या मध्यावर वारा जोरात लागला, सायकल हलली. संदेश म्हणाला, "आई, घट्ट धर."

मी त्याचा शर्ट धरला होता. धरलाय ना, ते वाकून बघून घेतलं, आणि मग म्हणाले, "धरलाय."